फक्त डिफेन्डरसाठीचा फुटबॉल क्लास, गंगापूर रोड : साडेतीन स्टार

सरळ सांगतो, पाचपैकी साडेतीन. चार देणार होतो पण अर्धा स्टार त्यांच्या त्या करिअर सेशनने खाल्ला, ते खाली येईलच. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणारे आणि मला कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही. गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना आतल्या बाजूला जे टर्फ लागतात ना, त्यातलं एक. ज्यांची पोरं खेळतात त्यांना बरोबर कळेल.

आता नाशकात फुटबॉलचे क्लास कमी नाहीत, दर उन्हाळ्यात तर पावसाळ्यातल्या छत्र्यांइतके उगवतात, पण सगळीकडे एकच प्रकार. प्रत्येक पोराच्या पाठीवर १० नाहीतर ७ नंबर, प्रत्येकाला फॉरवर्डच, म्हणजे पुढे राहून गोल मारणाराच, व्हायचंय, आणि मग जो नवीन आहे, लाजतोय, पळायला कमी आहे त्याला "तू बॅकला उभा राहा" म्हणून मागे ढकलून द्यायचं. त्याला तिथे काय करायचं हे कुणीच सांगत नाही, गोल झाला की मात्र सगळे त्याच्यावरच ओरडतात. आमच्या कन्येचं शाळेत हेच झालं. आठवीत आहे, उंची बेताची, मागे ढकलली आणि हिला तीच जागा आवडली! आता घरी येऊन विचारते की बाबा दोन फॉरवर्ड एकदम आले तर कुणाकडे जायचं, मला काय घंटा माहीत, मी आयुष्यभर गोल्फ क्लबच्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळलोय. म्हणून हा क्लास शोधला.

यांची खासियत म्हणजे फक्त बॅकला खेळणाऱ्यांची, म्हणजे डिफेन्डरची, आणि गोलींची (गोलकीपरची) वेगळी बॅच आहे. आठवड्यात दोन संध्याकाळ आणि रविवारी सकाळी. फी महिन्याला २८०० रुपये, टीशर्ट-बिबचे वेगळे ६००. मुलं-मुली एकत्रच. शिकवणारे सर स्वतः मुंबईत कंपनीच्या टीमकडून स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, खेळलेले, पन्नाशीचे असतील, आवाज असा की सरांनी "लाइन!" म्हटलं की बाहेर पार्किंगमध्ये आम्ही पण सरळ उभे राहतो.

सुरुवातीचे कितीतरी दिवस यांनी टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढणं, शिकवलंच नाही, पालक कुरकुरायला लागले की डिफेन्डरची बॅच आणि टॅकल नाही म्हणजे काय. सरांचा नियम एकच, पडायचं नाही. स्लाइड मारून खाली पडलास की उठेपर्यंत तुझी टीम एक माणूस कमी घेऊन खेळतेय, म्हणून जो पडेल त्याने बैठका मारायच्या. मग करायचं काय, तर समोरच्याला अडवून धरायचं, आजी दारात उभी राहते तसं, अंगावर धावून जायचं नाही आणि आतही जाऊ द्यायचं नाही. हातभर अंतर ठेवायचं, गुडघे वाकवायचे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छाती समोर करून उभं राहायचं नाही, थोडं आडवं उभं राहायचं, एक पाय पुढे एक मागे, म्हणजे समोरचा ज्या बाजूला आपल्याला हवाय त्याच बाजूला जातो, साइडलाइनकडे. साइडलाइनकडे गेला की त्याला तिकडून गोल दिसत नाही. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं पण मी कठड्याबाहेरून बघत होतो, दहापैकी आठ पोरं समोरच्याच्या पायांची नाचानाच बघून फसतात. सर ओरडतात, बॉल बघ, पाय खोटं बोलतात!

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोरीचा ड्रिल. चार जणांच्या कमरेला एकच लांब दोरी बांधतात, दोघांमध्ये साधारण आठ-दहा पावलांचं अंतर, दोरी ताणली पण जाता कामा नये आणि जमिनीला पण लोळता कामा नये. सर समोर बॉल घेऊन डावीकडे उजवीकडे चालतात आणि चौघांनी एकदम सरकायचं. पहिल्या दिवशी एक पोरगा जोशात पुढे पळाला आणि बाकीचे तिघं फरफटत त्याच्यामागे, एकाची चड्डी निम्मी खाली, आम्ही पालक हसून हसून मेलो. पण महिनाभरात ते चौघं असे सरकायला लागले की दोरी काढली तरी अंतर तेच. आणि ऑफसाइड मला इतकी वर्षं टीव्हीवर मॅच बघून जेवढा कळला नव्हता तेवढा त्या दोरीने कळला. पास देताना समोरचा आपल्या बॅकच्या लाइनच्याही मागे, गोलजवळ उभा असेल तर तो ऑफसाइड, त्याचा गोल धरत नाहीत; पण चौघांतला एक जरी मागे राहिला तरी तो ऑनसाइड. म्हणून आमची कन्या आता मधे उभी राहून "वर चला, वर चला!" असं बोंबलत असते, घरात जिचा आवाज ऐकायला कान द्यावा लागायचा ती.

बॉल पायात ठेवायला पण भरपूर शिकवतात. सरांचं म्हणणं की १९९२ मध्ये बॅकपासचा नियम बदलला, म्हणजे आपल्याच माणसाने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलीने हातात घ्यायचा नाही, तेव्हापासून नुसता उडवून लावणाऱ्या बॅकवाल्याचे दिवस भरले. आता मागून खेळ सुरू करता आला पाहिजे.

शनिवारी टर्फच्या ऑफिसमध्ये एक जुना टीव्ही आहे त्यावर तासभर व्हिडिओ सेशन असतो, हा फीमध्येच आहे आणि पैसे वसूल आहे. दर वेळी एक डिफेन्डर घ्यायचा आणि त्याचं करिअर सुरुवातीपासून. पालकांनी बसलं तरी चालतं, मी बसतोच. पहिला अर्थातच इटलीचा पावलो मालदिनी. जानेवारी १९८५ ला सोळा वर्षांचा असताना एसी मिलानकडून उतरला आणि २००९ ला थांबला, सगळं एकाच क्लबला, ९०२ मॅच, पाच वेळा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप. पण सरांनी हे आकडे फळ्यावर लिहून लगेच पुसले आणि म्हणाले आता त्याचे पाय बघा. हा माणूस उजव्या पायाचा आणि निम्म्याहून जास्त करिअर डावीकडे खेळला! आमच्या कन्येला सरांनी नुकतंच लेफ्ट बॅकला टाकलं होतं आणि ती उजव्या पायाची, त्यावरून घरी धुसफूस चालू होती, तो विषय तिथेच संपला. पुढे वय झाल्यावर तोच मधे आला, स्टॉपरला, कारण पाय हळू झाले तरी डोकं तिथे पुरतं. २००५ च्या त्याच कपच्या फायनलला तर याने पहिल्याच मिनिटाला गोल मारला, हाफटाइमला ३-० ने पुढे, आणि तरीही लिव्हरपूलने मॅच काढली. हे बघून पोरं गपगार. सर म्हणाले बघा, बॅकवाल्याने गोल मारून उपयोग नाही, त्याचं काम तीन गोल खाल्ले तेव्हा राहिलं.

उंचीचा प्रश्न एका ताईंनी विचारला, इंदिरानगरहून येतात, त्यांचा मुलगा पण बुटका आहे. तर पुढच्या शनिवारी कॅनावारो. उंची पाच फूट नऊ इंचाच्या आसपास, स्टॉपरसाठी कमीच. नेपल्सचा पोरगा, १९९० च्या वर्ल्डकपला तिथल्या मैदानावर बॉलबॉय, आणि २००६ ला इटलीचा कॅप्टन म्हणून वर्ल्डकप उचलला, त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी फुटबॉलपटूचं बक्षीस. डिफेन्डरला ते बक्षीस मिळणं म्हणजे किती दुर्मिळ तर त्याच्याआधी जर्मनीचे बेकेनबावर आणि सामर, बस. २०१९ ला नेदरलँड्सचा स्टॉपर व्हॅन डाइक अगदी जवळ गेला होता, मेसीपेक्षा फक्त सात पॉइंट कमी पडले. हा व्हॅन डाइक पोरांचा सगळ्यात लाडका, कारण अकॅडमीत असताना हॉटेलात भांडी घासायचा ही गोष्ट सगळ्यांना आवडते. २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलने साडेसात कोटी पाउंड मोजून घेतला, पोरांनी रुपये काढायला मोबाईल मागितला, सरांनी दिला नाही.

आपल्याकडचे पण घेतात हे मला फार बरं वाटलं. राहुल भेके बघितला, मुंबईचा पोरगा, आपल्यातलं आडनाव, २०१९ ची आयएसएल म्हणजे आपल्या देशातल्या फुटबॉल लीगची फायनल अंधेरीच्या मैदानावर, बंगळुरू विरुद्ध गोवा, हा बंगळुरूकडून, एक्स्ट्रा टाइमची शेवटची काही मिनिटं उरलेली आणि कॉर्नरवर याने डोक्याने गोल मारून कप काढला. २०२२ ला मुंबई सिटीकडून रियाधमध्ये इराकच्या एअरफोर्स क्लबविरुद्ध जिंकवणारा गोल पण याचाच, तोही डोक्यानेच, आणि भारतीय क्लबने एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, मॅच जिंकायची ती पहिली वेळ. नाशकात किती लोकांना हे माहितीये? आपल्याकडे रणजीच्या बाराव्या खेळाडूचं नाव माहीत असतं. मुलींसाठी आशालता देवी घेतली, मणिपूरची, डिफेन्डर, भारताची कॅप्टन राहिलेली, २०२४ ला शंभर इंटरनॅशनल मॅच पूर्ण करणारी पहिली भारतीय बाई. त्या दिवशी बॅचमधल्या तीनही पोरी पहिल्या रांगेत.

आता जरा खटकलेलं. एका शनिवारी भारताचा जुना डिफेन्डर जर्नेल सिंग दाखवला. १९६२ ची जकार्ता एशियन गेम्स, आधीच्या मॅचला डोकं फुटलेलं, टाके घातलेले, बॅकला खेळवता येईना म्हणून कोच रहीम साहेबांनी त्याला चक्क फॉरवर्डला टाकलं, डोक्याला पट्टी बांधून तो सेमीफायनलला गोल मारतो, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पण मारतो, २-१, गोल्ड. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे यात वाद नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ती सांगून "असा जिगर पाहिजे" म्हणून सोडून द्यायचं हे मला पटलं नाही. आज डोक्याला असा मार लागला तर खेळाडूला बाहेर काढतात आणि काढायलाच पाहिजे. डिफेन्डर हा तर डोक्याने सगळ्यात जास्त बॉल मारणारा माणूस. ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या जुन्या प्रोफेशनल खेळाडूंवर अभ्यास केला त्यात मेंदू झिजण्याच्या आजारांचं प्रमाण साधारण लोकांपेक्षा साडेतीन पट निघालं, आणि २०२१ ला जागेप्रमाणे बघितलं तेव्हा सगळ्यात वाईट आकडा डिफेन्डरचा, जवळपास पाचपट, गोलींचा मात्र साधारण लोकांइतकाच. हे जुन्या काळचे खेळाडू, तेव्हाचे बॉल पण भिजून जड व्हायचे, वगैरे धरलं तरी आकडा आकडाच आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिकच्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये हेडिंगच शिकवत नाहीत, अमेरिकेत त्याच्याही आधीपासून लहानांना बंद.

हे सगळं मी सरांना विचारलं, भांडायला नाही, खरंच काळजी म्हणून. श्रेय द्यायला पाहिजे, सरांनी वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात हेडिंगसाठी हलका प्लास्टिकचा बॉल आणला, प्रत्येकाने मोजून पाचच आणि तेही आठवड्यातून एकदाच. बाकी वेळ उडी कधी मारायची, डोळे उघडे कसे ठेवायचे एवढंच, बॉलशिवाय. असं ऐकून घेणारे कोच कमी असतात.

वॉर्मअपवर मात्र अजून सुधारणा नाही. संध्याकाळची आधीची बॅच क्रिकेटवाल्यांची असते, ते उशिरा सोडतात, मग यांची वीस मिनिटं गेली की पहिला बळी वॉर्मअपचा. दोन चकरा मारा आणि चला. अरे फिफाची ती ११ प्लसची वॉर्मअप पद्धत आहे, वीस मिनिटांची, पंधरा व्यायाम, फुकट मिळते, दुखापती कमी करण्यासाठीच बनवलीये. आणि मुलींना तर गुडघ्याच्या लिगामेंटचा धोका मुलांपेक्षा जास्त. व्हॅन डाइकसारख्या माणसाचा ऑक्टोबर २०२० ला गुडघा गेला तर अख्खा सीझन घरी, आपला संदेश झिंगनही २०१९ ला तसाच बाहेर बसला. त्यांच्यामागे डॉक्टर-फिजिओची फौज होती, यांच्याकडे एक बर्फाची पिशवी आहे आणि ती पण शेजारच्या चहावाल्याकडून. हे करिअरच्या व्हिडिओत दाखवता ना, मग आपल्या पोरांचा वॉर्मअप कापू नका. क्रिकेटवाल्यांशी भांडायचं काम टर्फच्या मालकाचं, पोरांच्या गुडघ्यांचं नाही.

बुटांचं पण सांगून ठेवतो. क्लासकडून एका दुकानाचं नाव दिलं जातं, दुकानदाराने आमच्या ओळखीतल्या एकाला टर्फसाठी एफजी म्हणजे खऱ्या गवतावरचे लांब स्टडवाले बूट गळ्यात मारले. टर्फवर ते अडकतात, पाय वळतो आणि बूट वळत नाही, गुडघ्याचं वाटोळं. टर्फला टीएफ घ्या, खाली छोटे छोटे रबरी दाणे असतात ते. शाळेच्या काळ्या मातीच्या मैदानावर पावसात खेळायचं असेल तरच लांब स्टड कामाचे, आणि तिथे तरी काय, पाच मिनिटांत एकेका बुटाला किलोभर चिखल. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं पॅड, मोज्याच्या आत घाला, बाहेर घालून स्टाइल मारणारे दोघं आहेत बॅचमध्ये.

टर्फ स्वतः ठीक आहे. काळे रबरी दाणे घरभर येतात, बायको वैतागलीये, वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडतात. एका कोपऱ्यातला लाइट गेलाय तो गेलाच आहे, नेमका लेफ्ट बॅकच्या कोपऱ्यातला, आमच्याच नशिबी. पिण्याचं पाणी घरून न्या.

आता तो अर्धा स्टार. यांनी मधेच ९९९ रुपये वेगळे घेऊन "प्रोफेशनल डिफेन्डर करिअर रोडमॅप" असा सेशन ठेवला, पाहुणा वक्ता, टाय वगैरे लावलेला. दीड तास परदेशातल्या ट्रान्सफरचे आकडे, मोटिवेशन, आणि शेवटी एक पीडीएफ. त्यात नाशिकच्या पोराला उद्या सकाळी काय करायचं ते एका ओळीने नव्हतं. शाळेची टीम, त्यातून सुब्रतो कप ही शाळांची स्पर्धा, मग जिल्हा, मग राज्याची निवड, हा साधा रस्ता सांगितला नाही. राज्य स्तरावर खेळलं तर दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे-पोलीसमध्ये टीम असतात, यातलं काही नाही. आणि दुसरी बाजू पण नाही. जुलै २०२५ ला आयएसएलचा सीझन करारावरून अडकला, काही क्लबांनी तर पगारच थांबवले, हे आईबापांना कळायला नको? माझ्या शेजारी बसलेले एक काका, मुलाला दहावीनंतर फक्त फुटबॉल करू द्यायचा का या विचारात होते, त्यांनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा "प्रश्न शेवटी घेऊ", आणि शेवटी ग्रुप फोटो.

गंमत म्हणजे खरा करिअरचा मुद्दा सरांनी शनिवारी फुकटात सांगितला होता. फॉरवर्डचा पाय गेला की धंदा गेला, बॅकवाला उशिरा पिकतो आणि टिकतो. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, एक्केचाळीस वर्षांचा होता, त्या स्पर्धेत खेळलेला सगळ्यात म्हातारा माणूस, ब्राझीलचा थियागो सिल्वा एकोणचाळीसला इंग्लंडच्या चेल्सीकडून खेळत होता. म्हणून चौदाव्या वर्षी सिलेक्शन नाही झालं तर रडू नका, पंधरा मॅच बघा, उंची वाढू द्या, शाळा सोडू नका. यासाठी कुणी ९९९ घेतले नव्हते. त्या टायवाल्या सेशनच्या पैशात एक लाइट आणि एक फर्स्ट एड बॉक्स आला असता.

नवीन बॅच दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, डेमो फ्री आहे. डेमोला रविवारचाच दिवस धरा, संध्याकाळी घाईत काही कळत नाही. हिवाळ्यात सकाळी साडेसहाला टर्फ दवाने ओलं असतं, पोराला जास्तीचे मोजे द्या, आणि गाडी टर्फच्या गेटसमोर लावू नका, समोरच्या बंगल्यातले आजोबा टायरची हवा सोडतात. फी कॅश दिली तर पावती मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. रोडमॅप सेशनची लिंक ग्रुपवर आली की नुसतं अंगठा दाखवून पुढे जा.